अंधारात कोरलेला राजा

इजिप्तमध्ये देन्देराच्या हाथोर देवीच्या देवळात भिंतींच्या पोटात भुयारं आहेत. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे सरकावं लागेल, इतकी अरुंद. देवीच्या मूर्ती आणि पूजेचे मौल्यवान जिन्नस तिथे ठेवत. आत शिरायची वाट दगडाआड लपवलेली. खिडकी नाही, झरोका नाही. तरीही या भुयारांच्या भिंती कोरीवकामाने गच्च भरल्या आहेत. राजा देवीसमोर उभा आहे, पुढे केलेल्या हातांत अर्पण करायची वस्तू आहे, कपाळावर राजचिन्हाचा नाग फणा काढून आहे. पाथरवटाने दिव्याच्या उजेडात टाकी चालवली असेल, काम संपल्यावर दिवा उचलून तो बाहेर पडला असेल, आणि तेव्हापासून हा राजा अंधारात उभा आहे.

कोणासाठी कोरला तो?

इजिप्तच्या देवळांतल्या राजचित्रांविषयी लिहिताना एक शब्द हटकून वापरला जातो, ‘प्रचार’. राजाने स्वतःचा मोठेपणा प्रजेच्या मनावर ठसवण्यासाठी ही चित्रं कोरून घेतली, असं म्हटलं की विषय मिटतो. चौकाचौकांतल्या फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे चेहरे पाहायची सवय जडलेल्या आपल्याला ते पटतंही चटकन. पण प्रचाराला बघणारा लागतो. इजिप्तच्या देवळात जसजसं आत जावं तसतशी जमीन चढत जाते, छत खाली येतं, उजेड कमी होतो, आणि शेवटच्या गाभाऱ्यात नेमून दिलेल्या पुजाऱ्यांखेरीज कोणाचंही पाऊल पडत नसे. सर्वसामान्य माणूस सणासुदीला फार तर पुढच्या अंगणापर्यंत पोहोचायचा. आणि राजाची चित्रं तर आत जाऊ तशी दाट होत जातात. बघणारे कमी होतात तिथे चित्रं वाढत असतील, तर ती बघण्यासाठी केलेलीच नाहीत, असं मला वाटतं. ती राबण्यासाठी केली आहेत.

‘राबण्यासाठी’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. अबिदोसला पहिल्या सेतीने, म्हणजे इ.स.पू. 1280च्या आसपास, बांधलेलं देऊळ पाहिलं की त्याचा अर्थ कळतो. तिथे सात गाभारे ओळीने आहेत. त्यांतल्या सहांच्या भिंतींवर देवाची रोजची पूजा क्रमाने कोरली आहे, एकूण 36 प्रसंगांत. गाभाऱ्याची मोहर फोडायची, कडी सरकवायची, देवाचं दर्शन घ्यायचं, धूप दाखवायचा, आदल्या दिवशीची वस्त्रं उतरवायची, मूर्तीला तेल लावायचं, नवी वस्त्रं नेसवायची, नैवेद्य ठेवायचा, आणि शेवटी स्वतःच्या पावलांचे ठसे झाडून मागे मागे सरकत बाहेर यायचं. ज्या घरात देवाला रोज उठवतात, न्हाऊ घालतात, जेवू घालतात, त्या घरातल्या माणसाला यात परकं काही वाटायचं नाही. फरक एकच. प्रत्येक प्रसंगात पूजा करणारा राजा आहे. पुजारी एकाही चित्रात नाही.

प्रत्यक्षात रोज पहाटे ती मोहर पुजारीच फोडत असे. सेती एकटा, देवळं शेकडो, आणि सूर्य सगळीकडे एकाच वेळी उगवतो. पण इजिप्तच्या समजुतीप्रमाणे देवाशी व्यवहार करायचा अधिकार मुळात एकट्या राजाचा होता. पुजारी त्याच्या वतीने आत जायचा, त्याचा मुखत्यार म्हणून. भिंतीवरचा राजा हे त्या मुखत्यारपत्राचं मूळ होतं. पुजारी आजारी पडला, दुष्काळाने नैवेद्य आटला, राज्य मोडकळीला आलं, तरी दगडातला राजा पूजा चालू ठेवणार होता. मूर्तीत किंवा चित्रात प्राण येण्यासाठी इजिप्तमध्ये ‘मुख उघडण्याचा’ विधी करत. आपल्याकडची प्राणप्रतिष्ठा ज्याला ठाऊक आहे त्याला हे समजावून सांगायला नको. पुढे एदफूसारख्या देवळांत हा विधी अख्ख्या वास्तूवर केला जाई, म्हणजे भिंतीवरच्या सगळ्या आकृतींसकट. काही जुन्या थडग्यांमध्ये तर चित्रलिपीतल्या सापांची शरीरं मुद्दाम तोडून कोरलेली आढळतात, कारण अखंड साप जागा झाला तर मृताला डसेल ही भीती होती. जिथे अक्षरही डसू शकतं, तिथे राजाच्या चित्राला निव्वळ जाहिरात म्हणून चालणार नाही.

हे एकदा ध्यानात आलं की त्या आकृतींची ठेवण वेगळी दिसू लागते. चेहरा बाजूने, पण डोळा समोरून. खांदे समोरून, पाय पुन्हा बाजूने. कित्येक शतकं दोन्ही पावलं अशी काढत की दोन्हींचे अंगठेच दिसावेत. शाळेच्या पुस्तकात हे चित्र पाहून, त्यांना नीट काढता येत नव्हतं, असं मी समजलो होतो, आणि हा समज माझ्यासारख्या अनेकांचा असतो. खरं म्हणजे ते अंगाचा एकेक भाग त्याच्या सर्वांत ओळखीच्या बाजूने मांडत होते, कारण काम करणाऱ्या शरीरात काही झाकलेलं, काही अर्धवट राहून चालत नाही. भिंत घासून गुळगुळीत केली की लाल रंगात बुडवलेल्या दोरीने सूत मारून चौकटी आखायच्या. उभी आकृती तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत 18 चौकटींत बसवायची. गुडघा कुठे, खांदा कुठे, हे ठरलेलं. उतरत्या काळात चौकटी 21 झाल्या, पण पद्धत राहिली. बाहेरच्या भिंतीवर आकृती दगडाच्या आत खोदायची, म्हणजे उन्हात कडांची सावली पडून ती ठसठशीत दिसते. आत, मिणमिणत्या उजेडात, भोवतालचा दगड काढून ती वर उठवायची. अबिदोसला सेतीच्या काळचं उठावाचं काम इतकं नाजूक आहे की पारदर्शक वस्त्राच्या चुण्या आणि पट्ट्यावरची नक्षी वेगळी मोजता येते. त्याच देवळात त्याच्या मुलाने, दुसऱ्या रामसेसने, पुढे करून घेतलेलं काम खोदीव आणि घाईचं आहे. खोदीव काम लवकर उरकतं, आणि रामसेसला फार भिंती भरायच्या होत्या.

त्या सगळ्या भिंतींवर राजा बहुतेक वेळा एकच गोष्ट करतो. देतो. मद्याच्या दोन वाट्या, पाव, कमळं, धूप, शेताचं चिन्ह. आणि सगळ्यांत मोलाचं दान म्हणजे तळहातावर बसवलेली इवलीशी देवी, गुडघे जवळ घेतलेली, डोक्यावर एकच उभं पीस असलेली. ती माआत. सत्य, न्याय, ऋतुचक्राची आणि समाजाची बसलेली घडी, हे सगळं त्या एका शब्दात येतं. आपल्या ‘ऋत’ या शब्दाच्या जवळपास जाणारी कल्पना. राजा देवाला माआत देतो, म्हणजे जगाची घडी मी विस्कटू दिलेली नाही असा हिशेब सादर करतो. बदल्यात देव त्याच्या नाकाशी जीवनाचं चिन्ह धरतो. राजाला श्वास मिळतो तो या हिशेबाच्या बदल्यात. ज्याला आपण राजाची स्तुती समजतो ती त्याची नेमणूक आहे, आणि नेमणुकीत काम लिहिलेलं असतं. भिंतीने राजाला मोठं केलं, त्याचबरोबर त्याला बांधूनही घातलं.

या नेमणुकीवर माणूस कोण आहे याला फारसं महत्त्व नव्हतं, हे ग्रीक वंशाच्या टॉलेमी राजांच्या काळात अगदी उघडं पडतं. एदफूचं होरसचं देऊळ इ.स.पू. 237 मध्ये सुरू झालं आणि 57 मध्ये पूर्ण झालं. त्याच्या दाराच्या दोन प्रचंड बुरुजांवर बारावा टॉलेमी एका मुठीत शत्रूंचे केस धरून दुसऱ्या हाताने गदा उगारून उभा आहे. देऊळ पुरं झालं त्या वर्षी हाच टॉलेमी आपल्या प्रजेच्या रोषामुळे देश सोडून परागंदा झाला होता आणि रोममध्ये, गादी परत मिळवून द्या म्हणून विनवण्या करत होता. बुरुजावरच्या गदेला त्याने काही फरक पडला नाही.

देन्देराला तर भिंतीवर अनेक ठिकाणी राजा पूर्ण कोरलेला आहे, पण त्याच्या नावाचं कार्तूश, म्हणजे राजनामाभोवतीची लंबगोल चौकट, कोरी आहे. देऊळ बांधायला घेतलं तेव्हा राजघराण्यात अशी ओढाताण चालू होती की नाव कोणाचं घालावं हे पुजाऱ्यांना ठरवता आलं नसावं. त्यांनी राजा घडवला, नावाची जागा राखून ठेवली आणि कामाला लागले. मला इजिप्तच्या सगळ्या कोरीवकामात यापेक्षा बोलकी जागा दिसत नाही. राजा हवा होता. अमुकच राजा हवा होता असं नाही.

रोमन आले तेव्हा तीच जागा त्यांना मिळाली. ऑगस्टसने इजिप्त जिंकल्यावर पवित्र एपिस बैलाचं दर्शन घ्यायला नकार दिला, आपण देवांना भजतो, गुराढोरांना नाही, असं तो म्हणाल्याचं प्राचीन इतिहासकार कॅसियस डिओ सांगतो. न्यूबियातल्या देन्दुरच्या देवळात, जे आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, हाच ऑगस्टस फॅरोचा मुकुट घालून इसिस देवीला नैवेद्य दाखवतो. तिथल्या कार्तूशात कित्येकदा त्याचं नावही नाही, नुसतं ‘फॅरो’ असं आहे. ‘फॅरो’ या शब्दाचा मूळ अर्थ मोठा वाडा. आपण ‘मंत्रालयाने ठरवलं’ म्हणतो, तसाच तो प्रयोग. एस्नाच्या देवळावर ही राजपरंपरा इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंत, सम्राट डेशियसपर्यंत चालली. राज्य केव्हाच गेलं होतं, पद शिल्लक होतं.

यावर एक रास्त आक्षेप येईल. गाभाऱ्यातलं सोडा, बाहेरच्या भिंतींचं काय? कर्नाकचे, मेदिनेत हाबूचे बुरूज दुरून दिसतात. ओपेतच्या उत्सवात कर्नाकहून लक्सरला देवाची नौका निघायची तेव्हा लोटलेल्या गर्दीने ते पाहिलेच असणार. मान्य. ते पाहून माणूस दबला असेल, दबावा अशी इच्छाही असेल. पण त्या बुरुजांवरचं गदा उगारलेल्या राजाचं चित्र बुरुजांच्या कितीतरी आधीचं आहे. इ.स.पू. 3100च्या सुमाराच्या नार्मेर राजाच्या पाटीवर ते आहे. त्यानंतरच्या देन राजाच्या थडग्यात, अबिदोसला, हस्तिदंताचा जेमतेम 5 सेंटिमीटरांचा एक बिल्ला सापडला. त्याच्या एका बाजूला देन शत्रूला मारतो आहे आणि दुसऱ्या बाजूला चपलांचा जोड कोरला आहे. राजाच्या चपलांना अडकवलेली ती चिठ्ठी होती. तूतनखामेनच्या चपलांच्या तळव्यांवर बांधलेले शत्रू दाखवले आहेत, म्हणजे दर पावलाला ते तुडवले जावेत. पाच सेंटिमीटरांच्या चिठ्ठीवर आणि चपलेच्या तळव्यावर प्रजेसाठी काय असणार? तेच चित्र मोठं करून बुरुजावर घातलं तेव्हाही त्याचं पहिलं काम राखणीचं होतं. देवळाच्या आत घडी बसलेली सृष्टी, बाहेर गोंधळ, आणि दारात गोंधळाला अडवणारा राजा. लोकांनी पाहिलं तर पाहिलं.

आणि दुसरा रामसेस? त्याच्यासारखा प्रचारक झाला नाही असं म्हणतात, आणि पुरावा म्हणून कादेशची लढाई दाखवतात. राज्याच्या पाचव्या वर्षी, इ.स.पू. 1274च्या सुमारास, तो सिरियात हित्ती राजा मुवातल्लीवर चालून गेला. ही लढाई त्याने अबिदोस, कर्नाक, लक्सर, रामेसियम आणि अबू सिंबेल इथे कोरून घेतली. पण काय कोरलं ते नीट पाहावं. दोन भटक्यांनी हित्ती सैन्य दूर उत्तरेला असल्याची थाप मारली, राजाने ती खरी मानली, आघाडीच्या तुकडीसह पुढे जाऊन तळ ठोकला. मग हित्ती हेर हाती लागले, त्यांना बडवून काढल्यावर कळलं की शत्रू कादेशच्या मागेच दडला आहे. तोवर मागून येणाऱ्या तुकडीवर हल्ला झाला होता आणि सैन्य उधळलं होतं. हेरांना बदडणारे शिपाई भिंतीवर आहेत, तळात घुसलेले शत्रूचे रथ आहेत, पळालेल्या सरदारांना राजाने केलेली निर्भर्त्सना मजकुरात आहे. स्वतःची जाहिरात करणारा सेनापती आपण फसलो, आपलं सैन्य पळालं, हे पाच देवळांत कोरून ठेवेल का? रामसेसला हवा होता तो क्षण सगळ्यांनी सोडल्यावर तो एकटा उरला आणि त्याने आमोन देवाला हाक मारली तो. बापाने मुलाला संकटात टाकू नये, मी तुझी एवढी सेवा केली आहे, असा हा देवापुढचा दावा आहे. त्याचा रोख देवाकडे आहे आणि जागाही देवाचीच आहे.

अहंकार नव्हता असं मात्र मी म्हणणार नाही. अबू सिंबेलच्या मोठ्या देवळात काही ठिकाणी राजा आमोन आणि त्याची पत्नी मूत यांना अर्पण करत होता. पुढे तिथे दुरुस्ती झाली, देवीला मागे सरकवून दोघांच्या मध्ये आणखी एक देव बसवला गेला. तो देव म्हणजे रामसेसच. रामसेस रामसेसला नैवेद्य दाखवतो. पण या चित्रातही पूजा करणारा माणूस आणि पूजा घेणारं पद यांत फारकत आहे, आणि ती त्यालाही पुसता आली नाही.

इथवर मी या चित्रांची बाजू मांडली. आता त्यांच्याविरुद्ध बोलायचं आहे, कारण ‘हा केवळ विधी आहे, प्रतीक आहे’ असं म्हणून विद्वान जेव्हा आपल्याला निश्चिंत करतात तेव्हा मला निश्चिंत वाटत नाही.

पाचव्या राजवंशातल्या साहुरे राजाचं अबुसीरचं देऊळ इ.स.पू. 2480च्या आसपासचं. तिथल्या एका भिंतीवर राजा लिबियाच्या एका सरदाराला मारतो आहे. बाजूला सरदाराची बायको आणि दोन मुलगे हात वर करून उभे आहेत, दया मागत. त्यांच्यावर त्यांची नावं लिहिलेली आहेत. लुटून आणलेल्या गुराढोरांच्या रांगा आहेत, आणि लेखनाची देवी सेशात शांतपणे मोजदाद लिहून घेते आहे. नावं दिलेली असल्यामुळे आपण समजतो, घडलेलं असणार. दोनेकशे वर्षांनी दुसऱ्या पेपी राजाच्या देवळात तीच बायको, तेच दोन मुलगे, तीच नावं. आणि साहुरेनंतर तब्बल अठराशे वर्षांनी, पार सुदानमधल्या कावा इथे, तहार्का राजाच्या देवळात पुन्हा तेच कुटुंब. तहार्काने कावाच्या कामासाठी मेम्फिसहून कारागीर नेले होते. मेम्फिसच्या परिसरातच ही जुनी देवळं आहेत. कारागिरांनी तिथून ते कुटुंबही आपल्याबरोबर नेलं.

ती बाई कधी जिवंत होती की नाही, माहीत नाही. अठराशे वर्षं तिला त्याच जागी उभं करून तिच्या डोळ्यांसमोर तिच्या नवऱ्याला मारलं गेलं, एवढं खरं. विद्वान म्हणतात, पाहा, हे सगळं ठोकळेबाज आहे, म्हणजे खरं युद्ध झालंच असं नाही. बरोबर आहे. पण मला यातच थरकाप उडवणारं काही दिसतं. ज्या चित्राला शत्रू खरा असण्याची गरज नाही, त्याला शत्रूने काय केलं हे विचारायचीही गरज उरत नाही. सृष्टीची घडी राखायची तर कोणीतरी गुडघ्यावर आलेला हवा. समोर नसेल तर पणजोबाच्या भिंतीवरून उसना आणायचा. माआत तळहातावर घेऊन जाणारा राजा आणि केस धरून गदा उगारणारा राजा या एकाच नेमणुकीतल्या दोन जबाबदाऱ्या आहेत, आणि पहिलीतलं सौंदर्य सांगताना दुसरी गाळता येत नाही.

शिवाय दर वेळी ती फक्त प्रतीकं राहिली नाहीत. दुसऱ्या आमेनहोतेपने अमादाच्या देवळात लावलेल्या शिलालेखात स्वतः सांगितलं आहे: सिरियातले सात सरदार त्याने आपल्या गदेने मारले, नावेच्या टोकाला उलटे टांगून आणले, सहा जणांना थेबेसच्या तटावर लटकवलं आणि सातव्याला लांब दक्षिणेला नापाताला पाठवलं. भिंतीवरचं चित्र त्याने अंगणात करून दाखवलं. मेदिनेत हाबूला तिसऱ्या रामसेसच्या भिंतींवर कापलेल्या हातांचे ढीग आहेत. लेखनिक वाकून मोजताहेत, हातांवर हात रचले आहेत, बोटं पसरलेली, आणि राजा बघतो आहे. नाईलच्या मुखाजवळच्या तेल एल-दाबा इथे 2011 मध्ये एका जुन्या राजवाड्याच्या आवारात चार खड्ड्यांमध्ये 16 तुटलेले हात सापडले. सगळे उजवे. तो वाडा हिक्सोस राजांच्या काळचा आहे, मेदिनेत हाबूच्या सुमारे चारशे वर्षं आधीचा. म्हणजे हात तोडण्याची रीत कलाकाराच्या कल्पनेतून आलेली नव्हती.

याच भिंतींवर एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा थांबवते. राजाला चेहरा नाही. नाक, ओठ, डोळा, सगळं नेमाप्रमाणे. नाव झाकलं तर हा कोण हे पुष्कळदा सांगता येणार नाही. शत्रूंना मात्र चेहरे आहेत. मेदिनेत हाबूच्या कैद्यांच्या दाढ्या, केसांच्या बटा, झग्यांवरचे गोंडे, दंडावरची गोंदणं, सगळं कोणीतरी निरखून टिपलं आहे. देर एल-बहरीला हातशेप्सुत राणीने पुंत देशाकडे पाठवलेल्या मोहिमेची भिंत आहे. तिथे खांबांवर उभी घरं आणि वर चढायच्या शिड्या आहेत, टोपल्यांत मुळांसकट उचललेली धूपाची झाडं आहेत, आणि पाण्यात मासे असे कोरले आहेत की त्यांतले बरेच तांबड्या समुद्रातल्या कोणत्या जातीचे हे आजचे अभ्यासक ओळखतात. पुंतच्या सरदाराची बायको अती, तिच्या अंगावरच्या वळ्या, कमरेतून वाकलेली पाठ, आणि तिला वाहणारं गाढव. राजाला चौकटी होत्या. त्या मोकळ्या झाल्या तिथे पाथरवटाने जग पाहून घेतलं. म्हणून ज्यांना हरलेले, परके म्हणून कोरलं, तेच आज त्या भिंतींवर माणसांसारखे दिसतात.

हातशेप्सुतचं नाव निघालंच आहे, तर तिच्याविषयी सांगायला हवं. इ.स.पू. पंधराव्या शतकात तिने सुमारे वीस वर्षं राज्य केलं. बाईने राजा व्हायचं तर भिंतीवर कसं उभं राहायचं? पदाचं शरीर पुरुषाचं होतं. छोटं धोतर, नकली दाढी, रुंद छाती. ती त्या शरीरात शिरली. मजकुरात मात्र व्याकरण तिच्या बाजूने राहिलं, कित्येक ठिकाणी क्रियापदं, विशेषणं, सर्वनामं स्त्रीलिंगी आहेत. 1829 मध्ये शांपोल्यों देर एल-बहरीला पोहोचला. सात वर्षांपूर्वी ही लिपी त्यानेच उलगडली होती. दाढीवाल्या राजासमोर उभा राहून तो वाचू लागला आणि चक्रावला, कारण चित्रात ‘तो’ होता आणि ओळींत ‘ती’. राजांच्या यादीत असं नाव कुठे नव्हतं. असणार कसं? अबिदोसच्या भिंतीवर सेतीने स्वतःसकट 76 राजांची नावं कोरली, तीत तिला जागा नाही.

तिच्या मरणानंतर वीसेक वर्षांनी, तिचा वारस तिसरा थुतमोस याच्या राज्याच्या उत्तरार्धात, तिची चित्रं खरवडायला सुरुवात झाली. सूडच घ्यायचा असता तर तो इतका थांबला नसता. वारसा सरळ बापाकडून मुलाकडे आलेला दिसावा ही बहुधा त्यामागची निकड होती. शतकभराने अखेनातेन राजाची माणसं आमोनचं नाव खोडण्यासाठी छिन्न्या घेऊन देशभर फिरली. कर्नाकला हातशेप्सुतचा जवळजवळ 30 मीटर उंचीचा ओबेलिस्क आहे, त्याच्या टोकापर्यंत ती चढली. एवढ्या उंचीवरचं नाव जमिनीवरून कोणाला वाचता येणार होतं? पुढे ख्रिस्ती झालेल्या इजिप्शियनांनी फिले आणि देन्देराला देवांचे आणि राजांचे चेहरे, हात, पाय बारकाईने उखडले, बाकीचं अंग बऱ्याचदा तसंच सोडलं. श्वास घेणारं नाक, देणारा हात, चालणारं पाऊल. हे चित्र काम करतं यावर त्यांचाही विश्वास होता. तोडणाऱ्यांची ही साक्ष मला घडवणाऱ्यांच्या साक्षीपेक्षा भक्कम वाटते.

कर्नाकच्या अगदी आत, मधोमध, फिलिप अऱ्हिदेयसच्या नावाची ग्रॅनाइटची खोली आहे. तिथे देवाची नौका ठेवत. हा फिलिप म्हणजे सिकंदराचा सावत्र भाऊ. त्याला स्वतःचा कारभार चालवण्याइतकीही समज नव्हती, असं प्राचीन ग्रीक लेखक लिहितात. या जागी एकेकाळी हातशेप्सुतने बांधलेली लाल दगडाची खोली होती, ती मोडून तिचे दगड भरावात घातले गेले. फिलिपच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर देव त्याला पवित्र पाण्याने न्हाऊ घालतात, मुकुट चढवतात. त्याचा असा राज्याभिषेक तिथे झालाच नव्हता. आकृती सुबक आहे आणि काही ठिकाणी रंगही टिकला आहे.

तिथून उत्तरेला वळलं की हातशेप्सुतच्या खोल्यांची एक भिंत लागते. होरस आणि थोत दोन बाजूंना उभे आहेत, दोघांनी घागरी उंच धरून कलत्या केल्या आहेत, आणि घागरींतून पाण्याऐवजी जीवनाच्या चिन्हांची माळ खाली उतरते आहे. दोघांच्या मधली आकृती टाकीच्या घावांनी भरून गेली आहे, पण घाव घालणाऱ्याने बाहेरची रेषा ओलांडलेली नाही. मुकुट कुठे होता, खांदा कुठे, हात कुठे, सगळं कळतं. दोन्ही माळा त्या रिकाम्या आकारावर एकमेकींना ओलांडून अजून ओघळताहेत.